लाइन दहापट वाढवली, वेग जागचा हलला नाही

बिट आणि बाइटचा घोळ तुम्ही एव्हाना निस्तरला असेल. 100 एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) लाइनवर सेकंदाला 12 एमबीच्या (मेगाबाइट) आसपासच कॉपी होणार, आठ बिटांचा एक बाइट म्हणून आठानं भागायचं, विषय संपला. मी आपटलो ते त्याच्या पुढच्या पायरीवर.

नोकरीच्या पहिल्या वर्षी दूरच्या डेटा सेंटरला रोजचा बॅकअप पाठवायचं काम माझ्या गळ्यात होतं. लाइन 100 एमबीपीएस, वेगाच्या ग्राफवरची रेघ 2.6 एमबीपीएसला चिकटलेली. सीनिअर म्हणाला, "लाइन कमी पडतेय." मी मान डोलावली, 1 जीबीपीएसची मागणी टाकली, ती मंजूरही झाली. लाइन चालू झाल्यावर ग्राफ उघडला. 2.6. पोटात गोळाच आला.

पाइप जाड केला की पाणी जास्त, हे उदाहरण शिकवणाऱ्यांवर माझा अजून राग आहे. टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरून डेटा पोचवण्याची पद्धत, खेपा करतं. एक खेप पाठवायची, पोच आली की पुढची. खेपेचा आकार म्हणजे विंडो, जाण्यायेण्याचा वेळ म्हणजे आरटीटी. (विंडो खरं तर सरकत राहते, पण हिशोब तोच येतो.) आमचा पिंग, म्हणजे मोजलेला आरटीटी, 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला पाचच खेपा. बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी बफर (डेटा ठेवायची तात्पुरती जागा) 64 केबीवर खिळवून ठेवलेला, म्हणजे विंडोही त्याहून मोठी होणार नाही. पाच गुणिले 64, झाले 320 केबी. आठानं गुणा, 2.6 एमबीपीएस. या गुणाकारात लाइनचा आकडा कुठे आहे? कुठेच नाही. मला हे कळायला तीन आठवडे लागले.

लाइन भरायची तर बँडविड्थ गुणिले आरटीटी, एवढा डेटा सतत वाटेत हवा: 200 मिलिसेकंदांवर 100 एमबीपीएसला 2.5 एमबी, 1 जीबीपीएसला 25 एमबी. घाबरू नका, विंडो स्केलिंग, म्हणजे मोठ्या विंडोची सोय, 1992 पासून आहे आणि आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम विंडो आपणहून वाढवतात. ॲप्लिकेशननं बफर बांधून टाकला, की मात्र त्यांचाही इलाज चालत नाही.

स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून कुणाला दाखवू नका. ती जवळचा सर्व्हर निवडते, बहुतेकदा एकदम अनेक कनेक्शन उघडते. नेमका हाच रोग झाकला जातो. त्यापेक्षा आयपर्फ3 हे वेग मोजायचं टूल पलीकडच्या टोकापर्यंत चालवा, सॉफ्टवेअरइतकाच बफर देऊन, आधी एका कनेक्शननं, मग आठ. वेग आठपट झाला तर लाइन निर्दोष आहे.

बफर 4 एमबी केल्यावर आमची रेघ 150 च्या वर गेली. वाढीव लाइनचा करार मात्र वर्षभराचा होता.