ब्लॉकेज शोधायला निघण्याआधी

कर्वेनगरातल्या माझ्या दवाखान्यात चाळिशी ओलांडलेले पेशंट हार्ट चेकअप पॅकेजचं पत्रक घेऊन येतात. "त्रास काहीच नाही, पण एकदा अँजिओग्राफी करून मोकळं होऊ का?" माझं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असतं.

पॅकेजमधली टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवत ईसीजी बघायची चाचणी, हृदयाच्या रक्तवाहिनीतला साधारण 70 टक्क्यांपुढचा अडथळा पकडते. पुष्कळ हार्ट अटॅक मात्र त्याहून कमी अडथळ्याच्या जागी येतात. तिथला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि रक्तवाहिनी बघता बघता बंद होते. त्यामुळे टीएमटी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. उलट त्रास नसलेल्यांत, बायकांत तर जास्तच, ती उगाच पॉझिटिव्ह येते. मग अँजिओग्राफी, मग स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी. आणि 2007 चा करेज, 2020 चा इस्केमिया या मोठ्या अभ्यासांत आजार स्थिर असलेल्यांना औषधांच्या जोडीला स्टेंट घालून मृत्यू कमी झाले नाहीत.

मग करायचं काय? आधी बीपी नीट मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर. बोलायचं नाही. मिनिटभराने परत मोजा. जिना चढून आल्याआल्या घेतलेला आकडा मी केसपेपरवर लिहीतच नाही. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करा, आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारा, बहुतांशी आनुवंशिक असा रक्तातला एक कण, तोही तपासा. वडील-भावाला 55 च्या आत किंवा आई-बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल तर आपणहून सांगा. तंबाखूही सांगा. मिश्री लावणाऱ्या कितीतरी मावशी "मला कसलंच व्यसन नाही" म्हणतात, पण मिश्री तंबाखूचीच असते.

एवढ्यावरही कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही हे ठरत नसेल, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा कॅल्शियम स्कोअरचा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. शून्य आला आणि मधुमेह, सिगारेट नसेल तर बहुधा थांबता येतं; 100 च्या वर गेला तर गोळी घ्यावी.

हे सगळं त्रास नसलेल्यांसाठी. पर्वतीच्या पायऱ्या चढताना छातीवर दाब येतो आणि थांबलं की जातो, असं होत असेल तर पॅकेजची वाट न बघता लगेच हृदयरोगतज्ज्ञ गाठा. बसल्याजागी छाती आवळली, दरदरून घाम फुटला, जबडा किंवा हात दुखायला लागला, तर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका. 108 लावा, आणि स्वतः गाडी काढून निघू नका.