पॅच आधी स्वतःलाच पाठवा

लिनक्स कर्नलसाठीचा, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठीचा, माझा पहिला बदल अवघ्या तीन ओळींचा होता. स्टेजिंगमधल्या (अजून पुरता तयार नसलेला कोड ठेवतात त्या भागातल्या) एका ड्रायव्हरमध्ये एक फंक्शन चूक आढळली की घेतलेली मेमरी मोकळी न करताच परत फिरत होतं, ते मी दुरुस्त केलं. कोड लिहायला एक संध्याकाळ पुरली. तो मेंटेनरपर्यंत, म्हणजे कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्या माणसापर्यंत, धड पोचवायला मात्र पुढचे नऊ दिवस गेले. कोड उत्तम येणारी मुलंमुली नेमकी इथेच अडकून नाद सोडतात, म्हणून त्या नऊ दिवसांबद्दल लिहितो आहे.

कॉलेजात आपल्याला फोर्क करून (कोडची स्वतःची प्रत काढून) पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी वेबसाइटवरची विनंती, टाकायची सवय लागलेली असते. कर्नलचा बहुतेक कारभार आजही ईमेलवर चालतो. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी 2005 साली गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन लिहिलं ते कर्नलसाठीच, आणि पॅच (मजकुराच्या रूपात लिहिलेला बदल) मेलनं पाठवायची पद्धत त्याच्याही आधीची. त्यामुळे गिटमध्ये तिन्ही कामांची सोय आहे: फॉरमॅट-पॅच कमिटचं (गिटमध्ये नोंदवलेल्या एका बदलाचं) पत्र तयार करतं, सेंड-ईमेल ते रवाना करतं आणि एएम आलेलं पत्र पुन्हा कमिटमध्ये उतरवतं. ही तिसरी कमांड मेंटेनरनं चालवायची, म्हणून मी तिच्याकडे बघितलंच नाही. सगळं बिघडलं ते त्यामुळे.

मी डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणारा मजकूर) कॉपी केला आणि ब्राउझरमधल्या मेलमध्ये चिकटवून पाठवला. दिसायला अगदी व्यवस्थित होता. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: पॅच लागत नाही, म्हणजे गिटला तो कोडमध्ये बसवता येत नाही. कर्नलच्या कोडमध्ये इंडेंटेशन टॅबनं करतात. माझ्या मेलपेटीनं त्या टॅबचे स्पेस करून टाकले होते आणि लांब ओळी मधेच मोडल्या होत्या. डिफमध्ये बदलाच्या वर आणि खाली तीन-तीन जुन्या ओळी असतात, त्यांच्यावरूनच बदल कुठे बसवायचा ते गिटला कळतं. त्यातला एक टॅब जरी बदलला तरी ती ओळ गिटला ओळखू येत नाही, आणि आपल्या डोळ्यांना तर काही फरकच दिसत नाही.

मग फाइल जोडून का पाठवू नये, असं मलाही वाटलं होतं. पण तपासणारा माणूस तुमच्या पॅचला तिथल्या तिथे उत्तर देतो. ज्या ओळीबद्दल शंका, तिच्याच खाली तो लिहितो. त्यासाठी कोड मेलच्या मजकुरातच, साध्या टेक्स्टमध्ये हवा. तुम्हीही उत्तर देताना तसंच त्या-त्या प्रश्नाखाली द्या.

उबुंटू किंवा डेबियनवर सेंड-ईमेल गिटबरोबर येत नाही, गिट-ईमेल नावाचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. त्याला तुमच्या मेलसेवेचा एसएमटीपी (मेल पाठवणारा) सर्व्हर, पोर्ट (बहुधा 587) आणि टीएलएस (सुरक्षित जोडणी) सांगायचं. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवणार असाल तर मेलच्या तळाशी 'हा मजकूर गोपनीय आहे' अशी पुरवणी आपोआप चिकटत नाही ना, ते बघा. उघड्यावर चालणाऱ्या कामात असा मेल कोणी घेत नाही.

आता खरी गोष्ट. पॅच दुसऱ्या कोणालाही पाठवण्याआधी सेंड-ईमेलनं स्वतःच्या पत्त्यावर पाठवा. आलेला मेल मूळ स्वरूपात उतरवून घ्या, बदल नसलेली नवी ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढा आणि तिच्यावर गिट एएम चालवा. लागला, तर मेंटेनरकडेही लागेल. हे करायला पाच मिनिटं लागतात. मी आजही प्रत्येक वेळी करतो. त्याच्या जोडीला पॅचमधल्या मांडणीच्या चुका दाखवणारी चेकपॅच ही कर्नलची स्क्रिप्ट चालवा, आणि कोणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर या स्क्रिप्टला विचारा. शेवटी ड्राय-रन करा, म्हणजे मेल न जाता कोणाकोणाला जाणार ते दिसतं.

नावाचं एक सांगून ठेवतो. आपल्याकडे नाव कधी वडिलांच्या नावासकट लिहितो, कधी त्याशिवाय. मी गिटच्या कॉन्फिगमध्ये एक आणि पॅचच्या संदेशातल्या साइन्ड-ऑफ-बायच्या ओळीत दुसरं लिहिलं होतं, चेकपॅचनं लगेच हटकलं. ती ओळ म्हणजे हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, ही तुमची लेखी ग्वाही. एकच नाव ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

कमिटच्या संदेशावर मात्र कोडइतकीच मेहनत घ्या. काय बदललं ते डिफ सांगतोच. का बदललं ते तुम्ही लिहायचं. माझ्या पहिल्या संदेशात 'मेमरी लीक दुरुस्त' एवढंच होतं. दुसऱ्यात ती चूक कोणत्या वाटेनं घडते, मेमरी कुठे घेतली जाते आणि कुठे अडकते, हे चार वाक्यांत लिहिलं. सुधारलेला पॅच नवा कमिट म्हणून जोडायचा नाही. जुनाच कमिट दुरुस्त करून व्ही2 असा क्रमांक देऊन पूर्ण पाठवायचा, आणि काय सुधारलं ते तीन डॅशच्या खाली लिहायचं. त्या रेषेखालचं वाचणाऱ्याला दिसतं, पण इतिहासात जात नाही.

पाठवल्यावर निदान आठवडाभर थांबा. मेंटेनर शेकडो पॅच वाचत असतात आणि मर्ज विंडोच्या (पुढच्या आवृत्तीसाठी जमलेले बदल मुख्य कर्नलमध्ये घेतात त्या) दोन आठवड्यांत तर नव्या पॅचकडे बघायला त्यांना सवड नसते. उत्तर नाही म्हणजे नकार नव्हे. आठवड्यानंतर नम्रपणे आठवण केलेली चालते.

माझा व्ही2 लागला. गिटच्या लॉगमध्ये कमिटर (बदल कोडमध्ये नोंदवणारा) म्हणून मेंटेनरचं नाव आहे आणि लेखक म्हणून माझं. लेखकाच्या नावापुढची तारीख कोड लिहिल्याची नाही, तो मेल पाठवल्याची आहे.