चेनची तुलना करणारं टूल एजंटला कसं द्यावं

गेल्या वर्षी मी माझ्या एजंटला, म्हणजे टूल वापरून उत्तरं देणाऱ्या एआयला, विचारलं, "इथेरियम, सोलाना आणि बेस या ब्लॉकचेनपैकी महिन्याभरात पैसा कुठे गेला?" क्षणात उत्तर आलं: इथेरियमवर. रात्री जेवताना बाबांना ते सांगितलं. बाबा नाशिकच्या एका पतसंस्थेत तीस वर्षं सोनंतारणाच्या खिडकीवर होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पैसा आला, की नुसता भाव वाढला?" मला सांगता येईना, कारण माझ्या टूलने एजंटला फक्त डॉलरचा आकडा दिला होता. दुसऱ्या दिवशी मी टूल नव्याने लिहायला घेतलं.

आकडे आणायचं काम सोपं आहे. डेफीलामा ही चेनवरच्या पैशाचे आकडे गोळा करणारी साइट. तिचा खुला एपीआय (प्रोग्रामने माहिती मागवायची सोय) चावीशिवाय चालतो. एका हाकेत सगळ्या चेनची यादी येते: नाव, टीव्हीएल (चेनवरच्या आर्थिक सेवांमध्ये, म्हणजे डेफी प्रोटोकॉलमध्ये, ठेवलेली रक्कम), चेनच्या नाण्याचं चिन्ह, चेन आयडी. दुसरी हाक एका चेनचा रोजचा इतिहास देते. पायथनमध्ये या दोन हाका मारणारं फंक्शन लिहा आणि ते एमसीपी सर्व्हरवर टूल म्हणून मांडा. एमसीपी हा एजंटला टूल जोडण्यासाठी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केलेला नियमसंच आहे. त्यामुळे तेच टूल वेगवेगळ्या एजंटना जोडता येतं.

यादी जशीच्या तशी एजंटकडे पाठवू नका. शेकडो चेन असतात आणि त्या गर्दीत मॉडेल आकडे चुकवतं. क्रमवारी, वजाबाकी, टक्केवारी हे सगळं फंक्शनमध्येच करा आणि मागितलेल्या चेनपुरतंच उत्तर द्या.

नावांनी मला दोन संध्याकाळी छळलं. बायनान्स स्मार्ट चेन 2022 मध्ये बीएनबी चेन झाली, ऑप्टिमिझमची मुख्य चेन पुढे ओपी मेननेट झाली, आणि माणसं अजून जुनी नावं घेतात. म्हणून टोपणनावांचा तक्ता ठेवा. इथेरियम आणि तिच्या धाटणीच्या चेनसाठी आयडीवरून ओळख पटवा: इथेरियम 1, ओपी 10, बीएनबी 56, पॉलिगॉन 137, बेस 8453, आर्बिट्रम 42161. नाव जुळलं नाही तर शून्य परत करू नका. "ही चेन सापडली नाही, जवळची नावं ही" असं वाक्य परत करा. शून्य दिलंत, तर एजंट 'तिथे पैसाच नाही' असं ठामपणे सांगेल.

आता बाबांचा प्रश्न. तिजोरीत 10 तोळे गहाण आहेत, भाव चढला, तर रजिस्टरातली किंमत चढते. नवं गिऱ्हाईक एकही आलेलं नसतं. टीव्हीएल अगदी तसा आहे: प्रोटोकॉलमध्ये ठेवलेल्या नाण्यांची आजच्या भावाने किंमत. समजा 10 लाख ईथर (इथेरियमचं नाणं) ठेवलेत. भाव 2000 वरून 3000 डॉलर झाला, की 200 कोटींचे 300 कोटी डॉलर होतात आणि ईथर तेवढेच राहतात. म्हणून टूलने दोन्ही तारखांचा टीव्हीएल त्या त्या दिवसाच्या नाण्याच्या भावाने भागून तोही बदल द्यावा. जुने भाव डेफीलामाच्याच भावांच्या एपीआयमध्ये मिळतात. चेनवर डॉलरला बांधलेली नाणीही असतात, त्यामुळे हा भागाकार ढोबळ आहे. 'ढोबळ' हा शब्द उत्तरातच छापा, म्हणजे एजंट तो पुढे नेतो.

एकच पैसा दोनदा मोजला जाणं हा दुसरा धोका. लिडो या प्रोटोकॉलमध्ये ईथर ठेवून मिळालेलं पावतीसारखं टोकन आव्हे या कर्ज देणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये तारण ठेवलं, तर मूळ ईथर दोन्हीकडे दिसतो. ऑगस्ट 2022 मध्ये उघड झालं, की सोलानावर एकाच डेव्हलपरने अकरा नावं घेऊन एकमेकांवर रचलेले प्रोटोकॉल बांधले होते आणि त्यामुळे चेनचा टीव्हीएल फुगला होता. डेफीलामाचा चेनचा इतिहास लिक्विड स्टेकिंग (लिडोसारख्या ठेवी) आणि दुबार मोजणी वगळून येतो, पण प्रत्येक प्रोटोकॉलचे आकडे तुम्ही स्वतः बेरीज केलेत तर दुबार रक्कम परत आत शिरते. बेरीज करूच नका.

तारखेबद्दल थोडंसं: दिवस यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेने बदलतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. प्रत्येक आकड्यासोबत त्याची यूटीसी वेळ द्या. रक्कम डॉलरच्या पूर्ण आकड्यात आणि शेजारी तयार शब्दांत द्या. 1 बिलियन म्हणजे 100 कोटी हे रूपांतर मॉडेलवर सोपवू नका.

सगळ्यात जास्त वेळ टूलच्या वर्णनावर घालवा, कारण एजंट तेच वाचून टूल निवडतो. माझं वर्णन असं आहे: "चेनवरच्या डेफी प्रोटोकॉलमध्ये ठेवलेल्या रकमेची तुलना. हे नाण्याचं बाजारमूल्य नाही. लोकांच्या वॉलेटमधले पैसे यात नाहीत." शेवटचं वाक्य ट्रॉन या चेनमुळे आलं. तिथे यूएसडीटी (डॉलरला बांधलेलं नाणं) प्रचंड आहे, पण बराचसा वॉलेटमध्ये पडून असतो आणि टीव्हीएलमध्ये दिसत नाही. डेफीलामा स्टेबलकॉइनचे, म्हणजे अशा बांधलेल्या नाण्यांचे, चेननिहाय आकडे वेगळे देतं, त्यासाठी वेगळं टूल करा.

चाचणीला मी एकच प्रश्न ठेवलाय: "ट्रॉनवर किती पैसा आहे?" एजंटने लगेच आकडा फेकला तर वर्णन पुन्हा लिहिते. "प्रोटोकॉलमधला हवा, की वॉलेटमधला यूएसडीटीही धरू?" असं त्याने उलट विचारलं, की टूल जोडून टाकते.