धुण्याआधी निवड: भाजीवरील कीटकनाशके कमी कशी करावीत

फळे-भाज्या घरी आणून नीट धुतल्या की फवारलेल्या औषधांचा प्रश्न मिटला, हा समज अर्धाच खरा आहे. मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशके बहुतांशी वरच राहतात आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्यास त्यांतली बरीचशी निघतात. परंतु इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसातून गरापर्यंत पोहोचतात आणि ती धुऊन जात नाहीत. म्हणून खरी काळजी बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये पिशवी भरतानाच घ्यावी.

वांगी आणि भेंडी घेताना विशेष सावध असावे. दोन्हींवर किडींचा उपद्रव फार, त्यामुळे फवारण्याही वारंवार होतात. शिवाय भेंडीची तोडणी दर दोन-तीन दिवसांनी आणि वांग्यांचीही थोड्या थोड्या दिवसांनी करावी लागत असल्याने फवारणीनंतर जितके दिवस थांबायला हवे, तितके थांबणे शेतकऱ्याला अवघड जाते. बडोद्याच्या आसपासच्या गावांतून स्वतःचा माल घेऊन बसलेला शेतकरी भेटला, तर त्याला "छेल्ली दवा क्यारे छांटी?" (शेवटचे औषध कधी फवारले?) असे सरळ विचारावे. मंडईतून माल उचलणाऱ्या विक्रेत्याला हे सहसा ठाऊक नसते. भोक पडलेले वांगे म्हणजे बिनफवारणीचे, ही समजूत तर सोडूनच द्यावी, कारण अळी एकदा आत शिरली की वरून मारलेले औषध तिला फारसे लागत नाही, आणि मग अळी व औषध दोन्ही एकाच वांग्यातून घरी येतात.

मटार, तुरीचे दाणे, मका, सुरण, केळी यांचे टरफल किंवा साल आपण टाकूनच देतो. आठवड्याच्या भाजीत यांना अधिक जागा द्यावी. फ्लॉवर त्याच्या हंगामात, म्हणजे थंडीतच घ्यावा; एरवी त्यावर फवारणी जास्त लागते. "ऑर्गॅनिक" एवढ्या पाटीवर विसंबू नये. पाकिटावर सेंद्रिय मालाचे सरकारी चिन्ह (उदा. "जैविक भारत") पाहावे.

धुण्याविषयी एक उपाय मात्र तपासलेला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या 2017 च्या प्रयोगात एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन चहाचे चमचे, खाण्याचा सोडा या प्रमाणात सफरचंदे 12 ते 15 मिनिटे भिजवल्यावर सालीवरची दोन कीडनाशके निघाली, पण सालीच्या आत मुरलेला अंश तसाच राहिला. सफरचंदाची साल काढण्याला म्हणूनच अर्थ आहे. कोबीची बाहेरची पाने काढून टाकावीत, द्राक्षांचा घड सुटा करून देठाजवळचा भाग चोळावा, आणि साबण कशालाही लावू नये, कारण तो सालीत मुरतो.