कॅनन पी, ५० एमएम एफ १.४ आणि तीन मीटरच्या आतली माणसं

माझा कॅनन पी हा १९५९ साली आलेला रेंजफाइंडर, म्हणजे फाइंडरमधल्या (बघायच्या खिडकीतल्या) दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस जुळवायचा फिल्मचा कॅमेरा. त्यावर त्याच काळातली कॅननची स्क्रू माउंटवाली (आट्यांनी बसणारी) ५० एमएम एफ १.४ लेन्स बसवली, त्याला सात वर्षं झाली. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं. दुसरी लेन्स घ्यावीशी वाटली नाही. रस्ता, देऊळ, डोंगर सगळं हिच्यावर निघतं, पण ही लेन्स खरी रमते ती एक ते तीन मीटरमध्ये. चहाच्या टेबलापलीकडची मैत्रीण, ओट्याशी उभी बहीण, खिडकीत बसलेली आई. अशी जोडी नुकतीच हातात आली असेल, तर मी जे हळूहळू शिकले ते सांगते.

आधी कॅमेरा खरं बोलतोय का ते बघा. माझ्या पहिल्या दोन रोलमध्ये डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येत होते आणि मी लेन्सला दोष देत होते. चूक रेंजफाइंडरच्या जुळणीत होती. तपासायला फिल्म लागत नाही. मागचं दार उघडा, फिल्मच्या जागी दुधी चिकटपट्टी दोन्ही रुळांवर ताणून लावा, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती सेटिंग) उघडं धरा. कॅननचा शटर पडदा पातळ स्टीलचा आहे, अंगठा टेकला तरी त्याला चुणी पडते, म्हणून हे करताना हात जपून. आता एक मीटरवर शिंप्याची टेप तिरकी पसरून तिच्याशेजारी काडेपेटी उभी करा. काडेपेटीच्या उभ्या कडेवर फोकस करा आणि चिकटपट्टीवरचं चित्र भिंगातून बघा. टेपवरचे काडेपेटीशेजारचे आकडे ठळक दिसले तर ठीक. पुढचे किंवा मागचे दिसले तर जाणकार कारागिराकडे द्या. मग दूरच्या एखाद्या टॉवरवर अनंताची, म्हणजे रिंगवरच्या सगळ्यात लांबच्या अंतराची, जुळणीही बघून घ्या.

एवढी काटेकोर तपासणी कशाला? कारण एक मीटरवर एफ १.४ ला स्पष्टतेची पट्टी जेमतेम तीन सेंटीमीटर असते. जवळच्या डोळ्याच्या पापण्या स्पष्ट आल्या, तर तिरक्या चेहऱ्याचा दुसरा डोळा विरघळायला लागतो. दोन मीटरवर हीच पट्टी तेरा सेंटीमीटरची होते आणि जिवात जीव येतो.

आता हाताची सवय. प्रत्येक फोटोनंतर फोकसची रिंग अनंतावर परत न्या. मग पुढच्या वेळी ती नेहमी एकाच दिशेने फिरवायची, शोधाशोध नाही. अनंतापासून तीन मीटरपर्यंत यायला एकूण फिरकीचा तिसरा हिस्सा लागतो, आणि तीनवरून एक मीटरवर यायला उरलेले दोन हिस्से. म्हणजे जवळच्या अंतरात रिंग तुम्हाला भरपूर जागा देते. मी महिनाभर रोज संध्याकाळी, रोल न भरता, घरातल्या वस्तूंचं अंतर मनात धरून रिंग फिरवायची आणि मगच फाइंडरमध्ये बघायची. आता कॅमेरा डोळ्याला लागेपर्यंत बोटं बहुतेक पोचलेली असतात, फक्त शेवटचा केसभर फरक पॅचने, म्हणजे फाइंडरच्या मधोमध दोन प्रतिमा दाखवणाऱ्या ठिपक्याने, जुळवायचा.

पॅचमधल्या दोन प्रतिमा आडव्या सरकतात, म्हणून त्याला उभी कड द्या: चष्म्याची दांडी, खांद्यावरून उतरलेला साडीचा काठ. आडव्या रेषेवर तो काहीच सांगत नाही, तेव्हा कॅमेरा उभा धरा. आणि फोकस झाल्यावर चौकट बदलताना कॅमेरा वळवू नका, सरळ बाजूला सरकवा. एक मीटरवर दहा अंश वळवलात तर फोकस दीड सेंटीमीटर मागे जातो, म्हणजे पट्टीतली मागची-पुढची सगळी सूट संपली.

कॅनन पीचा फाइंडर वस्तू जशीच्या तशी दाखवतो, लहान न करता. उजवा डोळा फाइंडरला लावा आणि डावाही उघडा ठेवा. ५० ची चौकट समोरच्या खोलीत हवेत टांगल्यासारखी दिसते. मला हा कॅमेरा सोडवत नाही तो यासाठीच.

गेल्या श्रावणात आई खिडकीशी वाती वळत होती. बाहेर पाऊस, आत मंद उजेड. ४०० ची फिल्म (आकडा मोठा तितकी कमी उजेडात चालणारी), एफ २, १/६० सेकंद. अंतर साधारण एक मीटर वीस. मी चष्म्याच्या कडेवर फोकस करून थांबले. ती वात वळताना थोडी पुढे झुकते आणि परत मागे येते. ती मागे आली की दाबायचं. इतक्या जवळून माणूस हलला तर रिंगच्या मागे धावू नका, त्याच्या झुकण्याची लय ओळखा किंवा स्वतःच किंचित पुढेमागे व्हा. त्या फोटोत चष्मा आणि कपाळावरची बट स्पष्ट आहे, कापसाचा पुंजका नुसता पांढरा धूर. एफ २.८ ला तो कापूस कापूसच दिसला असता. या लेन्सचा गोडवा मला एफ २ ला सगळ्यात जास्त वाटतो. एफ १.४ मी रात्रीच्या स्वयंपाकघरासाठी राखून ठेवते, जिथे ४०० च्या फिल्मवर १/६० कसंबसं जमतं. आत उसळून धक्का देणारा आरसा नसल्यामुळे १/१५ ला देखील श्वास धरून दाबलं तर चित्र टिकतं.

भर उन्हात मात्र १/१००० वरही १०० ची फिल्म एफ ५.६ मागते. तेव्हा एनडी ८ (उजेड आठव्या हिश्शावर आणणारा करडा फिल्टर) लावा, एफ २ हाती येतो. लेन्सचा फिल्टर ४८ एमएमचा, सहसा मिळत नाही. ४८ ते ४९ ची जोडरिंग घेऊन त्यावर ४९ चा फिल्टर लावला की प्रश्न सुटतो.

झाकणाऐवजी साधा यूव्ही फिल्टर आणि हूड लावा. फाइंडर लेन्समधून बघत नाही, त्यामुळे झाकण तसंच राहिलं तर कळत नाही. भाचीच्या बारशाचे अकरा फोटो माझे असेच गेले, आणि ते परत घेता येत नाहीत.

पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पाकिटात कधीच ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घ्या. तो तवा पोळ्यांचा नको, वेगळा ठेवा.