भूल देताना व्हेंटिलेटरच्या या चुका टाळा

सांगली-मिरज पट्ट्यात हॉस्पिटलं इतकी आहेत की एका दिवसात तीन थिएटरांत धावणारे भूलतज्ज्ञ सर्रास दिसतात. त्या घाईत व्हेंटिलेटरवर हाताच्या सवयीने आकडे पडतात: व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा, मिलीमध्ये) ५००, रेट (मिनिटाला श्वास) १२, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ५. कित्येकदा तर आधीच्या पेशंटचेच आकडे तसेच राहिलेले असतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्याचा त्रास पेशंटला दोन दिवसांनी वॉर्डात होतो आणि तोवर आपण दुसऱ्याच थिएटरात असतो.

वजनावरून व्हॉल्यूम ठरवणं

माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. ती उंचीप्रमाणे असतात. हिशेबाचं वजन असं काढा: बाईसाठी ४५.५ आणि पुरुषासाठी ५० घ्या, त्यात १५२.४ सेंटिमीटरच्या वरच्या दर सेंटिमीटरला ०.९१ मिळवा, उंची कमी असेल तर तेवढं वजा करा. येईल त्या किलोला ६ ते ८ मिली.

सांगलीतल्या एका थिएटरात मला मदतीला बोलावलं होतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं होतं, बाईंचं वजन ८६ किलो. नव्यानेच प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरने आठाने गुणून ६९० मिली लावले होते. पीक प्रेशर (हवा आत जातानाचा सर्वात जास्त दाब) ३९, आणि अलार्म वाजू नये म्हणून त्याची मर्यादा ४५ वर नेलेली! "सर, लॅपमध्ये (दुर्बिणीच्या ऑपरेशनात) एवढं येतंच." केसपेपरवर वजन होतं, उंचीचा रकाना कोरा. माझ्या बॅगेत शिंप्याची टेप असते, तिने मोजली तर उंची १५० सेंटिमीटर. म्हणजे हिशेबाचं वजन ४३ किलो. बाईंना किलोमागे १६ मिली चालले होते.

व्हॉल्यूम ३४० केला, रेट १२ चा २० केला. प्लॅटो प्रेशर (हवा आत थांबवून मोजलेला दाब) ३३ वरून २० वर आलं. श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड आधी २८ होता, तो ३९ वर स्थिरावला. म्हणजे जादा हवेची गरज मुळात नव्हतीच.

पीप लावून विसरून जाणं

पीप ५ ही नुसती सुरुवात असते. त्यानंतर इन्स्पिरेटरी पॉझ (हवा क्षणभर आत थांबवणारं बटण) दाबून प्लॅटो बघा, त्यातून पीप वजा करा. हे ड्रायव्हिंग प्रेशर. मी ते १५ च्या आत, शक्य तेवढं कमी ठेवतो. त्याच बाईंना पीप ५ वर ते १५ होतं. फुप्फुसं उघडून घेऊन पीप ८ केला, प्लॅटो २१ आलं, फरक १३. पीप ११ केल्यावर प्लॅटो थेट २७, फरक १६. म्हणजे फुप्फुस आता ताणलं जात होतं. परत ८ वर आलो. या सगळ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी "वेळ कुठे आहे, सर" हे मी रोज ऐकतो.

जास्त पीप म्हणजे जास्त संरक्षण, हाही गैरसमजच. २०१४ च्या प्रोव्हिलो ट्रायलमध्ये पोटाच्या ऑपरेशनांत सरसकट १२ पीप देऊन फुप्फुसांना फायदा झाला नाही, बीपी मात्र जास्त पडलं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरलेला असताना प्लॅटोचा काही भाग पोटाच्या दाबाचा असतो, हे लक्षात ठेवा. सर्जनला गॅसचा दाब १५ ऐवजी १२ वर ठेवून काम होईल का विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. विचारतच कोणी नाही.

बाकीच्या

प्रेशर कंट्रोलवर (ठरलेल्या दाबाने हवा देणाऱ्या मोडवर) असताना सर्जनने पोटातला गॅस बाहेर सोडला की व्हॉल्यूम एकदम वाढतो. त्या क्षणी नजर मोबाइलवर नको.

कार्बन डायऑक्साइड वाढला तर आधी रेट वाढवा, व्हॉल्यूम नाही. दम्याच्या पेशंटमध्ये मात्र श्वास पूर्ण बाहेर पडतोय ना, ते बघूनच.

मशीनची बॅग हाताने दाबून रिक्रूटमेंट (मिटलेलं फुप्फुस उघडणं) करू नका. बॅगवरून व्हेंटिलेटरवर वळवताना पीप सुटतो आणि उघडलेलं फुप्फुस पुन्हा मिटतं. मशीनवरच पीप टप्प्याटप्प्याने चढवा, तेही बीपी सावरलेलं असेल तरच.

ऑपरेशनभर १०० टक्के ऑक्सिजन देऊ नका, त्यानेही फुप्फुसाचे कोपरे मिटतात. सॅच्युरेशन नीट असेल तर मी ४० टक्क्यांच्या आसपास ठेवतो.

सर्किट निघालं, सक्शन केलं, पोझिशन बदलली, की पॉझ पुन्हा दाबा.