मासा वाकडा पोहतोय? औषधाची बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

गोल्डफिश पोट वर करून तरंगायला लागला की ठाण्यात काय आणि वाशीत काय, पहिला सल्ला ठरलेला: ‘स्विम ब्लॅडरचा प्रॉब्लेम आहे, औषध टाका.’ (स्विम ब्लॅडर म्हणजे माशाच्या पोटातली, तोल सांभाळणारी हवेची पिशवी.) दुकानातून निळी नाहीतर पिवळी बाटली येते, अंदाजाने दहा-वीस थेंब पडतात, आणि दोन दिवसांनी टँकमधले धडधाकट मासेही पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. वाकडं पोहणं हे फक्त लक्षण आहे. त्यामागे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा विषारी अमोनिया असू शकतो, बद्धकोष्ठ असू शकतं, थंडी, जंतुसंसर्ग, मार किंवा जन्मतःचं व्यंगही असू शकतं. या सगळ्यांवर चालणारी बाटली कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मासा न बघताच निदान करणं

आधी दहा मिनिटं शांत बसून बघा. टँकच्या काचेवर टिचक्या मारू नका, जाळी घालू नका. बघायचं ते एवढंच: मासा वर जातोय की तळाला बसतोय, त्याला सरळ व्हायचा प्रयत्न करता येतोय का, कल्ले किती जोरात हलताहेत, पोट फुगलंय का, खायला येतो का, विष्ठा कशी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे एकाच माशाला होतंय की अनेकांना? एकाच वेळी दोन-तीन मासे बिघडले तर रोगाचा विचार नंतर करा, पाण्याचा आधी.

मासा पृष्ठभागावर उलटा तरंगतोय, पण खाणं दिसलं की धडपडत येतो, अंगावर जखम नाही. हा बहुतेकदा गोल शरीराचा गोल्डफिश असतो: ओरांडा, रँचू, र्‍यूकिन. गोल्डफिशच्या हवेच्या पिशवीचे दोन कप्पे असतात आणि तिच्यातून एक बारीक नळी अन्ननलिकेत उघडते. लांबट धडाच्या साध्या गोल्डफिशला पोटात जागा असते. या गुबगुबीत जातींमध्ये माणसाने धड आखूड करत नेलं, त्यामुळे आतडी, पिशवी आणि अंडाशय एकमेकांना दाबत राहतात. जरा जास्त खाणं झालं, वर तरंगणारे दाणे गिळताना हवा गेली, की तोल गेला. इथे उपाशी ठेवण्याचा उपयोग होतो.

तळाला आडवा पडलाय, उठायला गेला की दगडासारखा खाली येतो, अशा माशाची पिशवी काम करत नसेल किंवा आत संसर्ग असेल. हे बरं होण्याचं प्रमाण कमी. मान खाली, शेपटी वर अशा अवस्थेत फ्लॉवरहॉर्न दिसला आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्यावा. तिथे मेट्रोनिडाझोल खाण्यातून देतात, पण मात्रा माशाच्या वजनावर ठरते. पशुवैद्याला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

मॉली एकाच जागी उभी राहून अंग डोलवतेय, पुढे सरकत नाही? याचा हवेच्या पिशवीशी काही संबंध नाही. मॉलीला खनिजं असलेलं, जड पाणी लागतं. ठाण्यात भातसा आणि उल्हास नद्यांचं, नवी मुंबईत मुख्यतः मोरबे धरणाचं पाणी येतं, आणि असं नदी-धरणाचं पाणी बोअरवेलच्या मानाने हलकं. त्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे टँक गार झाला की डोलणं सुरू. फिल्टरमध्ये मूठभर कोरल चिप्स आणि २६ अंशांवर लावलेला हीटर, एवढ्यावर बऱ्याच मॉली सुधारतात.

गिरक्या घेणं, वेड्यासारखं धावून काचेवर आपटणं हे अचानक सुरू झालं तर क्लोरीन, अमोनिया किंवा कीटकनाशक आठवा. घरात पेस्ट कंट्रोल झालंय का? डासांचा स्प्रे टँकशेजारी मारला का? एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

आणि काही मासे वाकडेच असतात हो. मोठा झालेला अपसाइड-डाउन कॅटफिश बहुतेक वेळ उलटाच पोहतो, क्लाउन लोच कुशीवर पडून मेल्याचं सोंग करतो, एका जातीचा पेन्सिलफिश तोंड वर करून तिरका उभा राहतो. नवीन मासा आणताना नाव विचारून घ्या, म्हणजे पहिल्याच रात्री घरात रडारड होणार नाही.

पाणी न तपासता सगळं पाणी बदलणं

ही सगळ्यात महागडी चूक, आणि ती प्रेमापोटी होते. मासा आजारी दिसला की लोक टँक रिकामा करतात, खडी धुतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळतात. त्या स्पंजमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात. नळाच्या क्लोरीनने ते मरतात आणि पुन्हा वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर आजारी मासा स्वतःच्याच मुत्रात पोहतोय असं समजा. स्पंज धुवायचा तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच, दोनदा हलकेच पिळून.

जुन्या, दुर्लक्षित टँकमध्ये आणखी एक भानगड असते. तिथला पीएच हळूहळू उतरलेला असतो आणि कमी पीएचवर अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो. तुम्ही एकदम ताजं पाणी भरलंत, पीएच ६.५ वरून ७.५ वर गेला, की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग साधारण दहापट होतो. ‘स्वच्छ पाणी दिलं आणि मासा गेला’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. पाणी बदला, पण एका वेळी पाव भाग, आणि गरज असेल तर रोज.

थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) खाली. किट एकदा घेतलं की पुष्कळ दिवस पुरतं, तरी लोक बाटल्याच घेतात.

आपल्याकडच्या पाण्याची एक खासियत लक्षात ठेवा: ते रोज सारखं नसतं. घोडबंदर रोडवरच्या कित्येक सोसायट्यांत उन्हाळ्यात नळाचं पाणी आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. टँकर बोअरवेलचा असेल तर पाणी एकदम जड होतं. सोसायटीने गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली की पुढचा एक-दोन दिवस क्लोरीन जास्त. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की शुद्धीकरणात क्लोरीनची मात्रा वाढवली जाते. म्हणून वॉचमनला किंवा सेक्रेटरीला विचारायची सवय लावा: टाकी कधी धुतली, टँकर आला होता का? पाणी बादलीत एअर स्टोन (एअर पंपाला जोडायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या मापाने.

उन्हाळ्याचा हिशोब वेगळा. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर साडेसातच. मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि पंप बंद पडला की गोल्डफिश तिरका होऊन पृष्ठभागाला तोंड लावतो. त्याला बॅटरीवरचा एअर पंप हवा. तिरकेपणा हवा मिळताच गेला तर निदानही झालं.

मीठ, एप्सम आणि बाटल्या: सगळं एकदम

मात्रा चुकते ती टँकचं माप माहीत नसल्यामुळे. आपण टँक फुटांत विकत घेतो आणि औषध लिटरवर असतं. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. दोन बाय एक बाय एकचा टँक काठोकाठ ५६ लिटरचा. खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली तर ४५ च्या आसपास. औषध त्या ४५ लिटरला द्यायचं.

साधं मीठ आणि एप्सम सॉल्ट यांत गल्लत करू नका. साधं खडे मीठ नायट्राइटच्या विषबाधेत आणि अंगावरच्या जखमांत मदत करतं: लिटरला एक ग्रॅमपासून सुरुवात, गोल्डफिशला दोन दिवसांत हळूहळू तीन ग्रॅमपर्यंत. झाडं असलेल्या टँकमध्ये नको. शिवाय मीठ उडून जात नाही. बाष्पीभवनाने पातळी उतरली तर नुसतं पाणी घाला, पुन्हा मीठ नाही. एप्सम म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, मेडिकलमध्ये मिळतं. ते पोट साफ करायला आणि सूज उतरवायला, २० लिटरला एक सपाट चहाचा चमचा. तरंगणाऱ्या, फुगलेल्या माशाला हे हवं असतं, पण घरोघरी टाकलं जातं स्वयंपाकघरातलं मीठ.

उपचार टँकमध्ये करायचेच कशाला? वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, चालू टँकमधलं पाणी, चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणि एअर पंप, झालं हॉस्पिटल. पाणी उथळ ठेवा, म्हणजे तळाला पडलेल्या माशाला हवेसाठी लांब चढावं लागत नाही. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, फिल्टरच्या जिवाणूंना मारक आहे आणि काचेच्या सिलिकॉनलाही डाग पाडतं. ते टबातच शोभतं, आणि त्या टबात स्पंजऐवजी रोजचं पाणी बदलणं.

घरातली उरलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकणं बंद करा. बद्धकोष्ठावर अँटिबायोटिक चालत नाही, फिल्टर मात्र कोलमडतो. संसर्गाची खूण दिसत असेल, म्हणजे लालसर पट्टे, कुजलेले पर, जखम, तर माशांचं बघणारा पशुवैद्य शोधा.

एका वेळी एकच उपाय, आणि तो दोन-तीन दिवस. नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही.

खाण्यातल्या चुका

तरंगणाऱ्या गोल्डफिशला दोन ते तीन दिवस उपवास. घरातल्या आजीला हे पटत नाही, पण प्रौढ मासा त्याने मरत नाही. मग मटार उकडून, साल काढून, नखाएवढे तुकडे. फ्रोझन मटार चालतात, मिठाच्या पाण्यातले नाहीत. पुढे कायम बुडणारे पेलेट द्या, तेही टँकच्या पाण्यात थोडे भिजवून. फायटर (बेट्टा) माशाला मटार देऊ नका. तो मांसाहारी, त्याला नुसता उपवास आणि नंतर थोडे डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक जीव.

दिवसाला किती? दोन मिनिटांत संपेल एवढं. पोळीचा चुरा, मुरमुरे, बिस्कीट हे लाड पाहुण्यांना सांगून बंद करा.

कधी थांबायचं

खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले असतील तर मूत्रपिंड निकामी होत आलंय, पोट आणि डोळे फुगलेत. इथून परत येणारे मासे फार थोडे. निऑन टेट्राचा रंग ठिकठिकाणी विरून पाठ वाकली तर त्याला लगेच वेगळं करा, त्या परजीवीवर खात्रीचं औषध नाही. पाठीचा कणा वाकत जाऊन मासा वाळत असेल तर माशांच्या क्षयाचा संशय घ्या. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू माणसाच्या हातावरच्या खरचटीतूनही शिरतो, म्हणून हात कापलेला असताना टँकमध्ये घालू नका, हातमोजे वापरा. बोटावरची गाठ आठवडे बरी होत नसेल तर डॉक्टरांना टँकबद्दल आवर्जून सांगा.

याउलट, महिनाभर उपचार करूनही नुसता उलटा तरंगणारा, पण खाणारा ओरांडा वर्षानुवर्षं जगू शकतो. त्याला चमच्याने बुडणारं खाणं द्या आणि पाण्याबाहेर राहणाऱ्या पोटाच्या कातडीवर लक्ष ठेवा; ती सुकून तिथे जखम होते, म्हणून प्रवाह मंद आणि वर तरंगती झाडं.

आजारी मासा मसुंदा तलावात किंवा उपवनला सोडून ‘मोकळा’ करू नका. तो तिथे जगत नाही, आणि जगला तर त्याचे जंतू तलावातल्या माशांना लागतात. टँकची काच चाटणारा सकरकॅट मासा असाच लोकांनी सोडून सोडून देशातल्या कित्येक जलाशयांत माजलाय. हाल थांबवायचेच असतील तर लवंग तेलाने बेशुद्ध करून ते करतात, मात्रा पशुवैद्याकडून घेऊन. मेलेला मासा कुंडीत खोल पुरा, जाळी आणि सायफन ब्लीचमध्ये बुडवून, भरपूर धुऊन, उन्हात वाळवा, आणि दुसऱ्या टँकसाठी वेगळी जाळी ठेवा.